शिडी आणि सिंहासन

चीनमध्ये ३० नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय सरकारी सेवेची भरती परीक्षा झाली. ‘गुओकाओ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या परीक्षेसाठी ३७ लाखांहून अधिक उमेदवार पात्र ठरले होते. जागा होत्या सुमारे ३८ हजार १००, म्हणजे एका जागेमागे जवळपास ९८ उमेदवार. आदल्या वर्षी हेच प्रमाण एका जागेमागे ८६ होते, त्याच्या आदल्या वर्षी ७७. उमेदवारांसाठीची ३५ वर्षांची वयोमर्यादा या वेळी ३८ पर्यंत वाढवण्यात आली. नव्याने पदव्युत्तर पदवी वा डॉक्टरेट मिळवणाऱ्यांसाठी ती ४३ करण्यात आली. रांग लांबत असताना दार थोडे रुंद केल्याचा आभास निर्माण झाला. जागा मात्र वाढल्या नाहीत, किंबहुना किंचित घटल्या.

या गर्दीची तात्कालिक कारणे सर्वांच्या परिचयाची आहेत. २०२१ पासून चीनचे बांधकाम क्षेत्र संकटात आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने खासगी शिकवण्यांच्या उद्योगावर घाला घातला आणि सुशिक्षित तरुणांना रोजगार देणारे एक मोठे क्षेत्र जवळपास रातोरात आक्रसले. जून २०२३ मध्ये शहरी तरुणांमधील बेरोजगारीचा दर २१.३ टक्क्यांवर गेला, तेव्हा सरकारने ही आकडेवारी प्रसिद्ध करणेच काही महिने थांबवले. पुढे विद्यार्थ्यांना वगळून नव्या पद्धतीने ती पुन्हा सुरू झाली. त्या नव्या मोजणीनुसारही ऑगस्ट २०२५ मध्ये हा दर १८.९ टक्के होता. त्या वर्षी विद्यापीठांतून बाहेर पडलेल्या पदवीधरांची संख्या सव्वा कोटीच्या घरात होती.

मात्र केवळ बेरोजगारीच्या चष्म्यातून या रांगेकडे पाहिले, तर अर्धेच चित्र दिसेल. परीक्षा हा चिनी राज्यसंस्थेचा तेराशे वर्षांचा कणा होता. ती कशासाठी घेतली जात होती, तिने काय साधले आणि ती बंद झाल्यावर काय घडले, हे समजून घेतल्याखेरीज आजच्या रांगेचा राजकीय अर्थ उलगडत नाही.

सरंजामदारांना शह

‘केजू’ या नावाने इतिहासात प्रसिद्ध असलेल्या या परीक्षापद्धतीचा आरंभ स्वी राजवटीत, साधारणपणे इ. स. ६०५ च्या सुमारास झाल्याचे मानले जाते. उद्देश केवळ गुणवंतांचा शोध हा नव्हता. तोवर अधिकारपदे मोजक्या बलाढ्य घराण्यांच्या हाती होती आणि ही घराणी सम्राटालाही जुमानत नसत. आपल्याच कृपेने वर आलेला, पाठीशी घराण्याचे बळ नसलेला अधिकारी सम्राटाला हवा होता. सातव्या शतकाच्या अखेरीस वू झतियान या सम्राज्ञीने जुन्या उमराव घराण्यांना शह देण्यासाठी परीक्षेचा विस्तार केला, तो याच हिशेबाने.

तांग काळात ही परीक्षा अजून कच्ची होती. उत्तरपत्रिकेवर नाव दिसे, शिफारशी चालत, उमेदवार आपल्या रचना आधीच बड्या लोकांकडे पोहोचवत. सोंग राजवटीने (९६० ते १२७९) ही छिद्रे बुजवली. उत्तरपत्रिकेवरील नाव झाकले जाऊ लागले. एवढ्यानेही हस्ताक्षर ओळखू येईल म्हणून लेखनिकांकडून प्रत्येक उत्तरपत्रिका नव्याने उतरवून घेण्याची व्यवस्था अकराव्या शतकाच्या आरंभी झाली. परीक्षकापुढे जाई ती केवळ नक्कल. ९७३ पासून अंतिम परीक्षा राजवाड्यात, सम्राटाच्या नावाने होऊ लागली. त्यामुळे उत्तीर्ण झालेला प्रत्येक जण कोणा परीक्षकाचा नव्हे, तर थेट सम्राटाचा शिष्य ठरे. युरोपात जन्मावरून पदे ठरत होती, त्या काळात एवढी काटेकोर गुप्तता पाळणारी निवडपद्धत चीनमध्ये रुळली होती.

मिंग (१३६८ ते १६४४) आणि छिंग (१६४४ ते १९१२) राजवटींत या शिडीच्या पायऱ्या पक्क्या झाल्या. स्थानिक परीक्षा उत्तीर्ण होणारा ‘शेंगयुआन’, दर तीन वर्षांनी होणाऱ्या प्रांतिक परीक्षेत यशस्वी होणारा ‘जुरेन’ आणि राजधानीतील परीक्षेनंतर राजवाड्यातील अंतिम फेरी पार करणारा ‘जिनशी’. नानजिंगच्या परीक्षागृहात वीस हजारांहून अधिक कोठड्या होत्या. एका कोठडीत दोन फळ्या असत. दिवसा एक बसायला व एक लिहायला, रात्री दोन्ही जोडून निजायला. अशा कोठडीत उमेदवार एकेका सत्रासाठी तीन-तीन दिवस कोंडलेला असे. आज तेथे संग्रहालय आहे. अस्तरावर मुंगीएवढ्या अक्षरांत ग्रंथ उतरवलेली वस्त्रेही काळाच्या ओघात टिकून राहिली आहेत. कॉपी ही परीक्षेइतकीच जुनी कला आहे, याचा तो पुरावा.

शासन तेवढेच कठोर होते. १८५८ च्या राजधानी परिसरातील परीक्षेत गैरप्रकार उघड झाला, तेव्हा मुख्य परीक्षक बाय जून या राज्यातील अत्युच्च दर्जाच्या मंत्र्याचा शिरच्छेद करण्यात आला. आजच्या चीननेही नोव्हेंबर २०१५ पासून राष्ट्रीय परीक्षांमधील संघटित गैरप्रकार फौजदारी गुन्हा ठरवला असून त्यासाठी सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परीक्षेवरील विश्वास उडाला तर राज्यकर्त्यांवरील विश्वासही उडतो, हे दोन्ही राजवटींना पुरते ठाऊक होते.

गुणवत्ता की समतोल?

निखळ गुणवत्तेचा आग्रह आणि प्रादेशिक समतोल यांतील तेढही चीनने फार पूर्वी अनुभवली. १३९७ साली राजधानीतील परीक्षेत उत्तीर्ण झालेले सर्वच्या सर्व उमेदवार समृद्ध दक्षिणेचे निघाले. उत्तरेतील उमेदवारांनी आरडाओरड केली. फेरतपासणीतही निकाल तोच आला, तेव्हा मिंग राजवटीचा संस्थापक झू युआनझांग संतापला. काही परीक्षकांना त्याने देहदंड दिला, नव्याने परीक्षा घेतली आणि या खेपेस केवळ उत्तरेचेच उमेदवार उत्तीर्ण झाले. परीक्षकांनी लबाडी केली होती असे दिसत नाही. पण उत्तरेला दरबारात स्थान नसेल तर साम्राज्य टिकणार नाही, हे सम्राटाने ओळखले होते. पुढच्या तीस वर्षांत दक्षिण आणि उत्तर यांच्यासाठी रीतसर कोटे ठरले.

हा प्रश्न आजही संपलेला नाही. चीनमधील विद्यापीठ प्रवेशाच्या ‘गाओकाओ’ परीक्षेत जागांचे वाटप प्रांतनिहाय होते आणि बीजिंग-शांघायच्या मुलांना झुकते माप मिळते, ही तक्रार जुनीच आहे. २०१६ मध्ये मागास प्रांतांसाठी जागा वळवण्याचा निर्णय झाला, तेव्हा जिआंगसू आणि हूबे या प्रांतांत पालक रस्त्यावर उतरले. ज्या देशात निदर्शने सहजासहजी होत नाहीत, तेथे परीक्षेसाठी ती झाली, हे लक्षणीय आहे.

केजूने खरोखरच गरिबांना वर आणले काय, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. हो पिंग-ती यांनी १९६२ च्या ग्रंथात मिंग-छिंग काळातील जिनशींची घराणी तपासली, तेव्हा मागील तीन पिढ्यांत एकही पदवीधर नसलेल्या घरांतून आलेल्यांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आढळले. बेंजामिन एल्मन यांच्यासारख्या अभ्यासकांचा आक्षेप असा, की मुलाला वीस-पंचवीस वर्षे केवळ अभ्यासाला बसवू शकणारी घरेच शर्यतीत उतरत असत. स्त्रियांना तर प्रवेशच नव्हता. चार लाखांहून अधिक चित्राक्षरांचे अभिजात ग्रंथ मुखोद्गत करायचे आणि झू शी या बाराव्या शतकातील भाष्यकाराच्या चौकटीत राहून आठ भागांचा साचेबद्ध निबंध लिहायचा, हे शेतात राबणाऱ्या घराला परवडणारे नव्हते.

नापासांचे राजकारण

या व्यवस्थेचे खरे सामर्थ्य मात्र उत्तीर्णांत नव्हते, तर अनुत्तीर्णांत होते. संपूर्ण छिंग काळात ११२ परीक्षा झाल्या आणि सुमारे २६ हजार ८०० जिनशी झाले. म्हणजे एका परीक्षेत सरासरी २४० च्या आसपास. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर देशाची लोकसंख्या चाळीस कोटींच्या पुढे गेली होती, पदांची संख्या मात्र जवळपास तेवढीच होती. तरीही लाखो तरुण पुनःपुन्हा परीक्षेला बसत राहिले. पुढच्या खेपेस जमेल, ही आशा त्यांना ग्रंथांशी आणि ग्रंथांमार्फत सिंहासनाशी बांधून ठेवत असे. बुद्धिमान, महत्त्वाकांक्षी आणि असंतुष्ट तरुण एरवी बंडाचा पुढारी होतो. केजूने त्याला विद्यार्थीच ठेवले. एमआयटीतील अभ्यासक यशेंग हुआंग यांनी २०२३ च्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा पुढे नेला आहे. राज्यसंस्थेने सारी प्रतिभा स्वतःकडे ओढून घेतल्याने समाजात स्वतंत्र शक्ती उभीच राहिली नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

आशा तुटली की काय होते, याचेही दाखले आहेत. तांग राजवटीला खिळखिळी करणारा बंडखोर हुआंग चाओ हा परीक्षेत अपयशी ठरलेला मीठविक्रेता होता. ग्वांगझूच्या परीक्षेत वारंवार नापास झालेल्या हाँग शिउछुआनला १८३७ मध्ये आजारपणात दृष्टान्त झाले. पुढे तो स्वतःला येशूचा धाकटा भाऊ मानू लागला आणि त्याच्या ताइपिंग बंडात (१८५० ते १८६४) किमान दोन कोटी लोक मृत्युमुखी पडले, असा अंदाज आहे.

तरीही हे अपवाद होते. नियम बदलला तो २ सप्टेंबर १९०५ रोजी. जपानकडून झालेला पराभव आणि बॉक्सर बंडानंतरची मानहानी यांनी हादरलेल्या छिंग दरबाराने युआन शिकाय, झांग झिदोंग आदींच्या आग्रहावरून केजू कायमची बंद केली. निर्णय कालसुसंगत होता. निबंधाने आगनौका बांधता येत नाहीत, हे स्पष्ट झाले होते. पण पर्यायी शिडी तयार नव्हती. जुन्या परीक्षेची तयारी गावात, घरी बसून करता येई. नव्या शाळा शहरांत होत्या आणि त्यांचे शुल्क जबर होते. परीक्षेवर आयुष्य लावलेले तरुण जपानला गेले, नव्या सैन्यात भरती झाले, गुप्त मंडळांत सामील झाले. विशेष म्हणजे सुन यत्-सेन यांची क्रांतिकारी संघटना टोकियोत स्थापन झाली, तीही ऑगस्ट १९०५ मध्येच. सहा वर्षांत, ऑक्टोबर १९११ मध्ये, वूचांगच्या सैन्यात उठाव झाला आणि दोन हजार वर्षांची सम्राटशाही कोसळली.

हा निव्वळ योगायोग नव्हता, असे दाखवणारा एक अभ्यास यिंग बाय आणि रुईश्यूए जिया या अर्थतज्ज्ञांनी २०१६ साली ‘इकॉनॉमेट्रिका’त प्रसिद्ध केला. ज्या भागांना परीक्षेचा कोटा लोकसंख्येच्या मानाने अधिक होता, म्हणजे ज्यांनी ही शिडी गमावल्यामुळे अधिक गमावले, त्या भागांतून क्रांतीत अधिक लोक उतरले, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

वारसा आपल्याही दारी

केजूचा वारसा चीनपुरता राहिला नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकऱ्या वशिल्याने न देता स्पर्धा परीक्षेने द्याव्यात, अशी शिफारस मेकॉले समितीने १८५४ मध्ये केली आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. त्या काळच्या ब्रिटनमधील वादविवादांत चीनचे उदाहरण समर्थकांनी दिले आणि विरोधकांनी ‘चिनी पद्धत’ म्हणून तिची हेटाळणीही केली. याच आयसीएस परीक्षेत १९१८ साली चिंतामणराव देशमुख पहिले आले आणि तिच्याच परंपरेतून आजची लोकसेवा आयोगाची परीक्षा आली. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत वयाची तिशी गाठणाऱ्या तरुणांचा प्रश्न त्यामुळे आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही.

चीनने स्वतः केजूची आठवण पुसून टाकण्याचा प्रयत्न केला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात विद्यापीठ प्रवेश परीक्षा दहा वर्षांहून अधिक काळ बंद राहिली. १९७७ च्या हिवाळ्यात ती पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि पाच टक्क्यांहून कमी निवडले गेले. सरकारी सेवेची आधुनिक परीक्षा १९९० च्या दशकात आली. २०१८ मध्ये तिचे नियंत्रण करणारे खाते कम्युनिस्ट पक्षाच्या संघटन विभागात विलीन करण्यात आले. राजवाड्यातील अंतिम परीक्षेमागचे तत्त्व असे नव्या रूपात परतले. निवड गुणांवर होईल, निष्ठा मात्र निवडणाऱ्यालाच वाहायची आहे.

२०२३ च्या वसंतात चिनी इंटरनेटवर एक जुने पात्र अवतरले. लू श्युन यांच्या १९१९ मधील कथेतला कुंग यीजी हा परीक्षेत कधीच यशस्वी न झालेला, तरीही पंडिताचा लांब झगा न सोडणारा दरिद्री गृहस्थ. पदवी हाच आपला तो झगा, असे बेकार पदवीधर लिहू लागले. सरकारी माध्यमांनी त्यांना झगा उतरवून मिळेल ते काम करण्याचा उपदेश केला, तेव्हा संताप आणखी वाढला. मुलांना तो झगा चढवण्यासाठी घरादाराने खस्ता खाल्ल्या होत्या आणि तो चढवा, असे सांगणारी व्यवस्थाही हीच होती.

लांबत जाणारी रांग हे राज्यकर्त्यांवरील विश्वासाचे लक्षण, असे बीजिंगमधील कोणी मानत असेल, तर ती आत्मवंचना ठरेल. केजूच्या काळी नापास झालेला माणूस गावी परतून शिक्षक, वैद्य, लेखनिक होई आणि त्याला मान असे. आज नापास होणाऱ्यासाठी खासगी क्षेत्राने ही जागा द्यायची होती. तेच आक्रसत असेल, तर वयोमर्यादा तीन वर्षांनी वाढवून प्रश्न तीन वर्षे पुढे ढकलला जातो, इतकेच. परीक्षा किती निःपक्षपाती आहे यावर शिडीची प्रतिष्ठा ठरते. ती किती काळ टिकणार, हे मात्र पायथ्याशी उरलेल्यांना दुसरी वाट आहे की नाही, यावर ठरते. छिंग दरबाराला हे उमगले, तोवर फार उशीर झाला होता.