भाडोत्री कोणाला म्हणता?

‘परदेशी प्रशिक्षक म्हणजे भाडोत्री माणूस. आज इथे, उद्या तिथे; त्याला आपल्या मातीचं काय पडलंय?’ हा आक्षेप आमच्या जालन्यातही ऐकू येतो. अंबड-घनसावंगीकडची कितीतरी कुटुंबं दरवर्षी उचल घेऊन ऊसतोडीला परमुलखात जातात. निदान या जिल्ह्यात तरी पोटासाठी फिरणं हा दोष ठरू नये. मोळी नीट बांधली का, एवढंच तिथे पाहतात.

भारताचे माजी फुटबॉल प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांचं कामही तसंच तपासा. दुखापतीने खेळणं लवकर सुटलं आणि या लंडनच्या माणसाने प्रशिक्षण हाच व्यवसाय केला. नेपाळ, भारत, मलावी, सुदान, रवांडा, पुन्हा भारत, मग पाकिस्तान. २०१५ मध्ये ते दुसऱ्यांदा आले तेव्हा आपण फिफा क्रमवारीत १७१वे होतो. आधी १७३पर्यंत घसरलो, पण जुलै २०१७ मध्ये ९६वर पोहोचलो.

‘दुबळ्यांना हरवून क्रमांक कमावला,’ असं म्हणतात. १७३व्या संघाशी खेळायला बलाढ्य देश येणार होते का? जिंकायची सवय खालूनच लावावी लागते. शिवाय सप्टेंबर २०१६ मध्ये अंधेरीत आलेला पोर्तो रिको क्रमवारीत आपल्या वर होता. पहिला गोलही त्यांचाच. तरी भारत ४-१ जिंकला. आशियाई चषकात, जानेवारी २०१९ मध्ये, थायलंडलाही ४-१. पुढे बाद फेरी गाठायला बहरीनशी बरोबरी पुरेशी होती. नव्वद मिनिटं किल्ला लढवला आणि भरपाईच्या वेळेतल्या पेनल्टीवर सामना गेला. कॉन्स्टंटाइन यांनी त्याच रात्री पद सोडलं. त्यांचा खेळ देखणा नव्हता, हे मला मान्य आहे. पण म्हणून तो कुचकामी ठरत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्लामाबादेत पाकिस्तानने कंबोडियाला १-० हरवलं. विश्वचषक पात्रता स्पर्धेतला तो पाकिस्तानचा पहिलाच विजय, आणि प्रशिक्षक होते हेच. तुटपुंज्या साधनांत संघ उभा करण्याचं कसब एका जागी बसून येत नाही.

‘आपला माणूस हवा’ ही मागणी मात्र रास्त आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघ खालिद जमील यांच्या हाती आला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तेही मुंबईतली कारकीर्द मागे ठेवून मिझोरामला गेले आणि २०१७ मध्ये तिथल्या आयझॉल क्लबला आय-लीग जिंकून दिली. जालन्यातल्या क्रीडाशिक्षकांनीही प्रशिक्षकाचा परवाना काढावा, भूतान-मालदीवपर्यंत जावं, आणि त्यासाठी शाळांनी त्यांना बिनतक्रार रजा द्यावी.