ओहोटी पाहून निघावें

स्कॉटलंडच्या पश्चिमेस हेब्रिडीज नांवाचा द्वीपसमूह आहे. तो पाहावयास अलीकडे आपल्या उपनगरांतील मंडळीही जाऊं लागली आहेत. पंधरासोळा प्रवासी, एक लहान बसगाडी, एक जाणता मार्गदर्शक, आणि गाडीसकट सर्वांना पोटांत घेऊन या बेटावरून त्या बेटावर नेणारी फेरीबोट, असा या यात्रेचा थाट असतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या बाजूच्या ज्या घरांतील मुलें विलायतेंत स्थायिक झालीं आहेत, तेथें ‘यंदा आईबाबांना बेटें दाखवूं या’ हा विषय दिवाळीच्या सुमारास हटकून निघतो; आणि तो निघाला कीं पाठोपाठ दुसरा प्रश्नही येतोच. सत्तरीच्या घरांतील माणसांना परक्या मंडळींच्या हवालीं करावें काय? पुत्र व सुना सुखानें नांदत असतां आईबापांनीं भाडोत्री वाटाड्याच्या मागें हिंडावें, हें लोकांत बरें दिसतें काय? एका सुविद्य गृहस्थांनीं हा प्रश्न मजपुढें इतक्या कळकळीनें मांडला, कीं चार शब्दांत उत्तर देऊन मोकळें होणें मला प्रशस्त वाटेना.

हेब्रिडीजची यात्रा जगांत गाजविली ती मुळीं एका वृद्धानेंच. इंग्रजी कोशकार डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन सन १७७३ मध्यें तिकडे निघाले, तेव्हां त्यांना चौसष्टावें वर्ष चालू होतें. देह स्थूल, दृष्टि अधू, आणि मार्ग म्हणावा तर घोड्याच्या पाठीवरचा किंवा होडीचा. बरोबर कोण? पोटचा मुलगा नव्हे, पुतण्याभाचा नव्हे. बॉस्वेल नांवाचा बत्तीस वर्षांचा एक स्कॉच वकील. मल बेटाकडे निघालेल्या या जोडीला वादळानें भलत्याच कोल बेटावर नेऊन टाकिलें आणि तेथें तिला कित्येक दिवस अडकून पडावें लागलें. तरीही या प्रवासावर जॉन्सननें १७७५ त एक ग्रंथ लिहिला, बॉस्वेलनें १७८५ त दुसरा, आणि ते दोन्ही आजही वाचले जातात. यांत मला विशेष वाटतें तें हें, कीं बॉस्वेल हा रक्ताचा नसूनही म्हाताऱ्याच्या गतीनें चालावयास राजी होता. सोबतीचा खरा गुण तोच.

आपल्याकडे समुद्राची अडचण निराळी. समुद्रयात्रा कलिवर्ज्यांत गणलेली. परदेशाहून परत आलेल्याला प्रायश्चित्त सांगितलें जाई, आणि सन १८८३ मध्यें आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या तेव्हां किती गदारोळ झाला हें सर्वश्रुत आहे. पाश्चात्यांना असें कांहीं नव्हतें, असें मात्र कोणीं समजूं नये. लुइस बेटावरील कडवे धर्मनिष्ठ लोक रविवार इतक्या कसोशीनें पाळीत, कीं तेथील स्टॉर्नोवे बंदरांतून मुख्य भूमीकडे जाणारी फेरीबोट रविवारीं सुटूं लागली ती सन २००९ मध्यें, आणि तीही विरोध होऊनच. आमच्या आजोबांची एकादशी आणि त्यांचा रविवार यांत फारसें अंतर आहे असें मला वाटत नाहीं.

हेब्रिडीज मी पाहिलेलीं नाहींत. परंतु त्याच घाटाची एक यात्रा मीं गेल्या कार्तिकांत आपल्या कोंकण किनाऱ्यावर केली. मुलुंडहून निघालों, गाडींत सोळाजण, मार्गदर्शक सतरावा. अलिबागचा कुलाबा, मुरूडचा जंजिरा, हर्णैचा सुवर्णदुर्ग आणि मालवणचा सिंधुदुर्ग असे चार जलदुर्ग, पांच मुक्काम. वाटेंत चार खाड्या: राजपुरीची खाडी आगरदांडा ते दिघी, सावित्रीची बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीची दाभोळ ते धोपावे, शास्त्रीची तवसाळ ते जयगड. चारही ठिकाणीं गाडी सरळ फेरीबोटीवर चढते. गाडी पाण्यावरून जाऊं लागली, कीं आंतील मंडळी वय विसरून खालीं उतरते आणि कठड्याशीं जाऊन उभी राहते. एका मुक्कामीं पहांटे स्नानास ऊन पाणी मिळालें नाहीं, त्यावरून बरीच वादावादी झाली; असो.

या यात्रेचा खरा राजा म्हणजे ओहोटी. कुलाब्यास ओहोटींत पायीं जातां येतें, एरवीं होडी पाहावी लागते. कोंकणांतील दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब असा, कीं चालू पक्षाच्या तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती, आणि तिच्या आधीं व नंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी. चतुर्थी असेल तर चार पाऊणें तीन, म्हणजे दुपारीं तीनला भरती आणि सकाळीं नवाच्या सुमारास ओहोटी. आतां पाहा, कुलाब्याच्या किल्ल्यांत सन १७५९ मध्यें राघोजी आंग्रे यांनीं बांधिलेलें सिद्धिविनायकाचें मंदिर आहे. आणि चतुर्थीलाच समुद्र सकाळच्या प्रहरीं वाट करून देतो! अष्टमीला ओहोटी भर दुपारीं येते, पण त्या दिवशीं पाणी फारसें ओसरत नाहीं. पौर्णिमा-अमावास्येस तें दूरवर ओसरतें, पण सकाळ-संध्याकाळच्या सहाच्या आगेंमागें. आमच्या मार्गदर्शकानें संकष्टीचा दिवस धरूनच यात्रा आंखिली होती. निम्मी गाडी उपाशी, पण प्रसन्न. हेब्रिडीजपैकीं बारा नांवाच्या बेटावर तर विमानेंच समुद्राच्या वाळूवर उतरतात, त्यामुळें विमानाचें वेळापत्रकही भरतीओहोटी पाहूनच ठरतें. तेथील लोकांना आमचा पाऊणपटीचा हिशेब ऐकून नवल वाटणार नाहीं.

आमच्या गाडींत घाटकोपरच्या एक वृद्ध बाई होत्या. पहिल्या दिवसापासून सर्वजण त्यांना माई म्हणूं लागले. वय एकाहत्तर. माहेर अलिबागेजवळचें. लहानपणीं किनाऱ्यावरून किल्ला रोज दिसे. भाऊ ओहोटी साधून जात, बोरें खाऊन येत. मुलींनीं लुगडें भिजवीत पाण्यांतून जाऊं नये, असा घरचा दंडक. पुढें लग्न झालें आणि पन्नास वर्षें संसारांत गेलीं. मुलगा गुणी आहे. त्यानें आपल्या मोटारींतून आईला तीनदां अलिबागेस नेलें. परंतु तिन्ही वेळां नातवंडांचें उठणें, न्याहारी, वडखळची गाड्यांची रांग, या सर्वांतून वाट काढीत ते जाऊन पोंचले तेव्हां पाणी चढलेलें होतें. होडीची वाट पाहावी तर परतण्याची घाई. किनाऱ्यावर शहाळें प्यावें, किल्ल्याला हात जोडावे आणि मागें फिरावें. त्यांत मुलाचा दोष कांहींच नाहीं. त्यानें आईला रविवारीं नेलें, आणि रविवार कांहीं ओहोटी पाहून येत नाहीं.

त्या सकाळीं माई ओल्या वाळूवरून निघाल्या त्या कोणाचा हात न धरतां निघाल्या. दरवाजाशीं पोंचल्यावर त्यांनीं मागें वळून अलिबागच्या किनाऱ्याकडे पाहिलें आणि म्हणाल्या, “इकडून गांव किती लहान दिसतें हो!” मंदिरांतून बाहेर येतात तों मुलाचा भ्रमणध्वनीवर निरोप: आई, रक्तदाबाची गोळी घेतलीस का? माईंनीं उत्तर दिलें, “घेतली. आतां पाणी भरायच्या आंत परत जायचं आहे, रात्रीं बोलूं.” आणि फोन पिशवींत टाकून दिला.

मार्गदर्शकाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण अशा यात्रेंत निम्में मोल त्याचेंच असतें. जंजिऱ्यावर गेलेल्या प्रत्येकानें बावीस एकरांचा किल्ला, बावीस वर्षांचें बांधकाम आणि बावीस बुरूज हें त्रिकूट ऐकलेलें असेल. इतकी सुबक संख्या दगडचुन्यांत सहसा सांपडत नाहीं. ती सांगणाऱ्याच्या जिभेच्या सोईची असते. आमचा तरुण मात्र प्रत्येक गोष्टीच्या आधीं ‘कागद सांगतो’ किंवा ‘लोक सांगतात’ यांपैकीं एक शब्दप्रयोग करी. सिंधुदुर्गाचा पाया २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं घातला गेला, हें कागद सांगतो. जंजिऱ्याला शिड्या लावण्यास धजलेल्या लाय पाटील कोळ्याला महाराजांनीं पालखी देऊं केली, त्यानें दर्यावरच्या माणसाला पालखी काय कामाची म्हणून ती नाकारली, आणि महाराजांनीं ‘पालखी’ नांवाचें गलबत बांधवून त्याला दिलें, हें लोक सांगतात. दुसरी गोष्ट ऐकतांना आमच्या नावेचा वृद्ध कोळी नांगराचा दोर हातांत तसाच धरून उभा राहिला होता. हा विवेक चाळीस वर्षें वर्गांत उभे राहिलेल्या मास्तरांनाही नेहमीं साधतो असें नाहीं.

सुवर्णदुर्गापाशीं त्यानें सांगितलेली हकीकत मला नवी होती. सन १७५५ मध्यें कमोडोर जेम्स यानें पेशव्यांच्या साहाय्यानें हा दुर्ग आंग्र्यांकडून घेतला. त्याच्या पश्चात् त्याच्या पत्नीनें लंडनजवळ शूटर्स हिल येथें १७८४ मध्यें त्या विजयाचें स्मारक म्हणून एक मनोरा उभारला; त्याचें नांव सेव्हर्नड्रूग, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, इंग्रजी जिभेनें चावलेला. लंडनला मुलांकडे जाणाऱ्या मंडळींनीं तो अवश्य पाहावा, मात्र हर्णैचा आधीं पाहावा.

आधीं जवळचें, मग दूरचें, हा हट्ट मी सर्वत्र धरीत नाहीं. पण अंधेरीकरांना एक सांगावेंसें वाटतें. हेब्रिडीजमध्यें स्टाफा नांवाच्या बेटावर बसाल्ट दगडाचे, जणु सुतारानें तासून उभे केलेले खांब आहेत. सन १८२९ मध्यें मेंडेल्सन हा जर्मन संगीतकार तेथील गुहा पाहून गेला आणि त्यावर त्यानें वाद्यसंगीत रचिलें. तो देखावा पाहण्यास लोक हजारों मैल जातात. त्याच जातीच्या दगडी खांबांचा सुमारें २०० फूट उंचीचा गिल्बर्ट हिल अंधेरीच्या पश्चिमेस उभा आहे. वय सुमारें साडेसहा कोटी वर्षें, आणि माथ्यावर गांवदेवीचें मंदिर. भोंवतालचा दगड खाणींनीं खाल्ला, उरलेली जागा इमारतींनीं. त्याच्या सावलींत जन्म काढलेल्या एका गृहस्थांनीं मला स्टाफाचीं छायाचित्रें मोठ्या कौतुकानें दाखविलीं!

बेटांवरील वस्तीचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. हेब्रिडीजच्याही पलीकडे एकाकी पडलेल्या सेंट किल्डा बेटावरील शेवटचीं छत्तीस माणसें सन १९३० च्या ऑगस्टांत आपण होऊन बेट सोडून गेलीं. आतां तेथें पक्षी आणि पाहुणे. जंजिऱ्याच्या तटाआंतही एके काळीं भरवस्ती होती. संस्थान १९४८ त विलीन झालें, वस्ती ओसरली, आणि आज गोड्या पाण्याचीं तळीं तेवढीं भरलेलीं आहेत. सिंधुदुर्गांत मात्र कांहीं कुटुंबें अजून राहतात. सन २०२५ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांचे जे बारा दुर्ग समाविष्ट झाले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. मान मिळाला, आतां गर्दीही येईल. पन्नासपन्नास माणसांच्या गाड्या एकदम आल्या, तर त्या कुटुंबांच्या अंगणांतून वाट काढणारांचें शिष्टाचाराचें भान कितपत राहील याची मला शंका आहे. सोळाजण असले म्हणजे घरच्या बाईला ‘पाणी मिळेल का’ असें विचारतां येतें. पन्नासजण असले म्हणजे ती दार लावून घेते.

आतां मूळ प्रश्न. आईबापांना अशा यात्रेस पाठवावें काय? माझें मत स्पष्ट आहे: त्यांची इच्छा असेल तर अवश्य पाठवावें, आणि लोकांत काय दिसेल याचा विचार करूं नये. मुलानें स्वतः नेणें उत्तमच. परंतु मुलाबरोबर गेलेलें म्हातारें माणूस दिवसभर मुलाच्या तोंडाकडे पाहत असतें. याला उशीर तर होत नाहीं ना, याचा खर्च तर वाढत नाहीं ना. सोळा समवयस्कांत तें दडपण नसतें. मात्र पैसे भरण्यापूर्वीं दोन गोष्टी विचाराव्या. माणसें वीसांच्या आंत आहेत ना? आणि ज्याला नावेंत चढणें झेपणार नाहीं, त्याची किनाऱ्यावर कोणती व्यवस्था आहे? राजपुरीस समुद्र थोडा उसळत होता. बोरिवलीच्या एका गृहस्थांनीं गुडघ्यामुळें नावेंत चढण्याचें नाकारलें. मार्गदर्शकानें त्यांना ‘अहो, चला हो’ म्हणून भरीस घातलें नाहीं. जाळीं सांधीत बसलेल्या कोळ्यांशेजारीं त्यांना खुर्ची देऊन, गाडीचालकाला सोबत ठेवून तो गेला. आम्ही परत आलों तों हे जाळ्याच्या गांठीचे तीन प्रकार शिकून बसले होते आणि आम्हांलाच शिकवूं लागले.

पावसाळ्यांत हे जलदुर्ग बंद असतात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यांत उतरतात, आणि समुद्र खरा निवतो तो दसऱ्यानंतर. कार्तिक ते फाल्गुन या अवधींतील वद्य चतुर्थी पंचांगांत पाहून ठेवाव्या, आणि कुलाब्यास सकाळीं आठाच्या आंत वाळूवर उभें राहावें.