‘मॅडम, तुमचा पाय जड आहे!’

सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी उभ्या उभ्या घरघरते, नाहीतर चौकात थांबली की धाडकन बंद पडते. तक्रार घेऊन गेलं, की गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं, ‘मॅडम, तुमचा पाय जड आहे. साहेबांना पाठवा!’ बचत गटांच्या कामासाठी गावोगाव गाडी घेऊन फिरणाऱ्या आम्हा बायकांना हे काही नवीन नाही. माझं म्हणणं एवढंच, की आमच्या पायाला नावं ठेवण्याआधी थ्रॉटल तपासा.

मी कला शाखेची पदवीधर, पण हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. थ्रॉटल म्हणजे इंजिनात हवा सोडणारं दार. पूर्वी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की केबल ते दार उघडायची. आताच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत केबलच नसते. पाय किती दाबला हे सेन्सर गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो आणि एक छोटी मोटर दार उघडते. दाराच्या कडेला काजळी साचली, की तेवढीच हवा मिळावी म्हणून कॉम्प्युटर दार किंचित जास्त उघडायला शिकतो.

गॅसच्या बर्नरची भोकं बुजली की आपण नॉब जरा जास्तच फिरवतो ना? बर्नर लख्ख घासला आणि नॉब मात्र जुन्याच सवयीने फिरवला, तर ज्योत भडकणारच! थ्रॉटल साफ केल्यावर इंजिन जोरात पळतं ते असंच. उलट, काही गाड्यांत बॅटरी काढली की शिकलेलं सगळं पुसलं जातं आणि गाडी थांबताना बंद पडते. म्हणून कॉम्प्युटरला दाराचा नवा अंदाज द्यावा लागतो. काही गाड्या थोडं चालवल्यावर आपोआप शिकतात, काहींना स्कॅनर लावावा लागतो. प्रत्येक मॉडेलची रीत वेगळी, तेव्हा ऐकीव उपाय घरी करू नका.

मैत्रिणींनो, गाडी ताब्यात घेताना तीन गोष्टी विचारा. थ्रॉटल साफ केला का? बॅटरी काढली होती का? मग थ्रॉटल रीसेट केला का? इंजिन गरम झाल्यावर एसी बंद ठेवून काटा बघा. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत तो ७०० ते ९०० च्या आसपास स्थिर असतो. रीसेट करूनही काटा नाचत असेल, तर हवेचा एखादा पाइप सैल राहिलाय का, ते बघायला सांगा.

हा प्रश्न फक्त गाडीचा नाही. शाळा सुटण्याच्या वेळी गर्दीच्या गल्लीत गाडी हिसका देऊन पुढे गेली, तर जिवावर बेतेल. शिवाय ‘तुम्हाला जमत नाही’ हे चार वेळा ऐकलं, की बाई गुपचूप किल्ली खुंटीला अडकवते आणि पुन्हा कुणी सोडायला येईल याची वाट बघत बसते. बिलाचे पैसे आपण मोजतो, तर काम पुरं झालं का हे विचारायचा हक्कही आपलाच. पुढच्या वेळी ‘पाय जड आहे’ म्हणाले, तर शांतपणे म्हणा, ‘असेल दादा, पण आधी स्कॅनर लावा!’