बारा किलोचं हरिकेन आणि एक सुटलेला कनेक्टर

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी माझं विमान पडलं. सोमवारी ऑफिसात हे वाक्य जसंच्या तसं बोललो तर अख्खी टीम हसली. एकाने विचारलं, "इन्शुरन्स होता ना रे?" मीही हसलो. त्यांच्या डोळ्यासमोर आलं असणार ते मॉलमध्ये मिळणारं, फोमचं, हातभर लांब खेळणं. खरं काय घडलं ते त्या दिवशी सांगायचं धाडस झालं नाही. आज सांगतो.

माझं विमान म्हणजे हॉकर हरिकेन, मूळ विमानाच्या एक पंचमांश मापाचं. खऱ्या हरिकेनचा पंखविस्तार ४० फूट, त्यामुळे माझ्याचा ८ फूट. आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये पंख जोडले की बाल्कनीचं दार उघडत नाही. वजन १२ किलो. नाकात ५५ सीसीचं पेट्रोल इंजिन, म्हणजे ॲक्टिव्हाच्या साधारण निम्मं. अडीच वर्षांचे शनिवार-रविवार यात गेले. बाल्साच्या पट्ट्या, प्लायचे फॉर्मर, पंखांवर फायबरग्लासचं कापड आणि इपॉक्सी. मागच्या अर्ध्या धडावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणलेलं कापड, कारण मूळ हरिकेनही तसंच होतं. धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या, वर डोप लावलेलं कापड. १९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये स्पिटफायरपेक्षा जास्त जर्मन विमानं याच कापडी शेपटीवाल्याने पाडली. पण नाव झालं स्पिटफायरचं. दिसायला देखणी असण्याचे फायदे, दुसरं काय!

"लढाऊच विमान कशाला रे? साधं प्रवासी विमान कर की," असं माझी मावशी म्हणाली होती. प्रश्न वाजवी आहे. माणसं मारायला बनवलेल्या यंत्राची हौसेने प्रतिकृती करायची, त्यावर बंदुकीची खोटी नळकांडी चिकटवायची, यात काहीतरी खटकतंच. माझं उत्तर फार भारी नाही. १९४४ मध्ये इंफाळला इंडियन एअर फोर्सची १ नंबर स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती आणि तिचे प्रमुख होते अर्जन सिंग, जे पुढे मार्शल ऑफ द एअर फोर्स झाले. त्या आघाडीवरच्या विमानांच्या गोल चिन्हांमधला लाल रंग काढून टाकला होता. जपानी विमानांवरचा लाल गोळा समजून आपल्याच लोकांनी गोळ्या घालू नयेत म्हणून. तिथे निळ्यात फिकट निळा असे गोल असायचे. ही गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नाही, इंजिनिअरिंगलाही नाही. रंगाचा डबा हातात घेऊन 'आता चिन्हं कुठली काढायची' असा प्रश्न पडला तेव्हा शोधून कळली. मावशीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग ठीक आहे, पण जपून." शेवटच्या दोन शब्दांकडे तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

थोडं गणित करू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १२ किलोची वस्तू ताशी १०० किलोमीटरने जात असेल तर तिच्यात साधारण ४६०० ज्यूल ऊर्जा असते. नुसत्या आकड्याने काही होत नाही, म्हणून असं बघा. पाण्याने काठोकाठ भरलेली १२ लिटरची बादली तेराव्या मजल्यावरून सोडली, तर जमिनीवर येताना तिच्यात जवळजवळ तेवढीच ऊर्जा असेल. आणि बादलीच्या पुढे पेट्रोल इंजिनाने फिरणारा लाकडी पंखा नसतो. ताशी १०० हा वेगही या विमानासाठी काही खास नाही. जमिनीलगत एक झकास लो पास द्यायचा तर तेवढा लागतोच.

आता तो रविवार. पुण्यापासून तासाभरावर एक माळ आहे, तिथे आम्ही सात-आठजण जमतो. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे एअर फोर्समधून निवृत्त झालेले एक काका. आयुष्यभर विमानं तपासण्याचंच काम केलेलं. माझी आधीची दोन उड्डाणं झाली होती, तिसरं बाकी होतं. उन्हं उतरायला लागली होती.

काका म्हणाले, "थांब रे जरा. शेपटीकडची झडप उघड, एकदा बघू आत."

मी म्हणालो, "काका, उजेड जाईल. सकाळीच बघितलंय सगळं मी."

ते काही बोलले नाहीत. विमान माझं, हौस माझी, त्यांनी कुठल्या अधिकाराने अडवायचं?

सकाळी मी खरंच बघितलं होतं. रेंज टेस्ट केली होती, ट्रान्समीटर कमी पॉवरवर ठेवून तीस पावलं चालत जाऊन. सिग्नल तुटला तर इंजिन आपोआप मंद व्हावं असं फेलसेफ लावलं होतं, तेही ट्रान्समीटर बंद करून तपासलं होतं. गुरुत्वमध्य तपासला होता. बघितलं नव्हतं ते एकच. रिसीव्हरपासून शेपटीतल्या सर्व्होपर्यंत जाणाऱ्या मीटरभर वायरचा मधला जोड. तो नुसता एकात एक खोचलेला होता. त्यावर हीटश्रिंकची नळी चढवायची राहिली होती. 'नंतर लावू.' आपण कोडमध्ये टूडू लिहून ठेवतो आणि तीन वर्षांनी तो टूडू तसाच प्रॉडक्शनमध्ये सापडतो, अगदी तसं. फक्त इथे टूडू लिहिलासुद्धा नव्हता.

आणि तो सर्व्हो एकच होता. एवढ्या मोठ्या मॉडेलमध्ये एलेव्हेटरच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे सर्व्हो घालतात. एक गेला तरी दुसऱ्यावर कसंबसं उतरता येतं. मला हे माहीत होतं. पण हरिकेनचं नाक आखूड, त्यामुळे शेपटीत एक ग्रॅम वाढला की तोल राखायला नाकात जवळजवळ तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं. एक सर्व्हो वाचवला की सर्व्हो, वायर आणि शिसं धरून पाव किलो वाचतं. विमान हलकं, लँडिंग हळू. डिझाईन डिसिजन! ऑफिसमध्ये कुणी असं सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर माझ्यासमोर आणलं असतं तर मी त्याला अर्धा तास झापलं असतं.

तिसऱ्या उड्डाणात वळून लो पाससाठी खाली आणत असताना शेपटीने ऐकणं बंद केलं. मी काडी मागे ओढली, नाक वर आलं नाही. पूर्ण ओढली, तरी नाही. इंजिनाच्या थरथरीने तो जोड दोन उड्डाणांत सैल झाला होता आणि तिसऱ्यात सुटला. थ्रॉटल बंद केला आणि एलेरॉनने आमच्या माणसांपासून लांब वळवलं, एवढंच हातात होतं. चारेक सेकंद असतील. विमान शेजारच्या, बाजरी काढून झालेल्या रानात गेलं. आधी धूळ दिसली, आवाज मागाहून आला.

मग धुळीतून एक पोरगा उभा राहिला. दहा-अकरा वर्षांचा. बांधाच्या आडोशाला बसून शेळ्या राखत होता, आम्हाला कुणालाच दिसला नव्हता. मी पळत गेलो. तो जिथे बसला होता तिथून नाक रुतलेल्या खड्ड्यापर्यंतची पावलं मी नंतर मोजली. अठरा. मी विमान आमच्यापासून लांब वळवलं होतं, म्हणजे त्याच्याकडेच वळवलं होतं.

त्याला काहीही लागलं नव्हतं. तो खूशच होता. "दादा, इमान पडलं का मुद्दाम पाडलं?" मला उत्तर देता येईना. हातपाय कापत होते. काका मागून आले, त्यांनी आधी पेट्रोलची टाकी बघितली, मग पोराला बाजूला घेतलं, मग शेपटीकडचं फाटलेलं कापड दूर करून सुटलेला जोड माझ्या हातात दिला. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे माझं एक मत आता पक्कं झालंय आणि ते आमच्या मंडळींमध्ये फारसं कुणाला आवडत नाही. मोठं मॉडेल ज्याने बांधलं त्याला ते एकट्याच्या भरवशावर उडवू देऊ नये. दुसऱ्या कुणीतरी उघडून, ओढून, हलवून बघितल्याशिवाय इंजिन चालू करायचंच नाही.

इंग्लंडमध्ये लार्ज मॉडेल असोसिएशन नावाची संस्था आहे. तिकडचे लोक लँकेस्टर, व्हल्कन असली अजस्र मॉडेलं उडवतात. २५ किलोच्या वरचं मॉडेल असेल तर तिथल्या विमानवाहतूक प्राधिकरणाच्या परवानगीची योजना हीच संस्था सांभाळते. तपासनीस बांधणी चालू असतानाच येऊन बघतो. नंतर चाचणीची उड्डाणं होतात आणि मग प्रेक्षकांसमोर न्यायचं. ही तपासणी करणारी माणसंही हौशीच. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कापड चढवायच्या आधी बघणं. एकदा कापड चढलं, रंग लागला, की बांधणाऱ्याला आतलं काही दिसत नाही. त्याला फक्त आपली अडीच वर्षं दिसतात.

आपल्याकडे ड्रोन नियम, २०२१ आहेत. त्यात हौसेने किंवा शिकण्यासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायचं, २५ किलोपर्यंतचं विमान 'मॉडेल' या व्याख्येत बसतं आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंतचं आकाश मोकळं आहे. मला हे नियम बरेच समंजस वाटतात. प्रत्येक हौशी माणसाला सरकारी कचेरीत हेलपाटे घालायला लावले असते तर ही हौस कधीच मेली असती. पण कुठे उडवताय, किती उंच उडवताय हे नियम बघतात. माझ्या शेपटीतला जोड कोण बघणार?

"हौसेत कसली आलीये तपासणी? मजा जाते," असं आमच्यातला एकजण म्हणाला. त्याचं अगदीच चूक नाही. आठवडाभर ऑफिसात प्रोसेस, चेकलिस्ट, अप्रूव्हल करून रविवारी माळावरही तेच करायचं म्हणजे वैतागच. दोन किलोच्या फोमच्या विमानाला मी हे सांगणारही नाही. दुसरा म्हणाला, "तपासणाराही चुकतो की!" चुकतोच. पण काकांना त्या संध्याकाळी उजेड जायची घाई नव्हती आणि मला होती, एवढा फरक पुरेसा होता. माझ्या ज्ञानात काहीच कमी नव्हतं. फेलसेफ, दोन सर्व्हो, हीटश्रिंक, सगळं मला तोंडपाठ होतं. दुसऱ्याचा कोड रिव्ह्यू करताना मी जे दहा मिनिटांत पकडतो, ते माझ्याच कोडमध्ये मला आठवडाभर दिसत नाही. हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, पगार मिळतो तिथे आपण ते पाळतोही.

असो. पंख वाचले होते. धड नव्याने बांधतोय. शेपटीत आता दोन सर्व्हो आहेत, दोघांच्या वायरी वेगळ्या, प्रत्येक जोडावर हीटश्रिंक, नाकात वाढीव शिसं. विमान जड झालंय, उतरताना वेग जास्त ठेवावा लागेल. शंभर पानी वही आणली आहे. तिच्यात काकांची सही झाल्याशिवाय टाकीत पेट्रोल घालायचं नाही असं ठरलंय, आणि माळाच्या चारी बाजूंना आधी एक चक्कर, बांधांच्या मागेसुद्धा.

गेल्या रविवारी काका घरी आले होते. कापड अजून चढवलेलं नाही. तासभर चष्मा कपाळावर चढवून आत बघत होते. रडरच्या बिजागरीची एक पिन बोटाने ओढली, ती हातात आली. वहीत पहिल्या पानावर लिहिलं, 'नाही', आणि चहा मागितला.