औषध गाठीपर्यंत पोचले काय?

ज्याने आपल्या आप्ताच्या शिरेत ते लाल औषध थेंबाथेंबाने उतरताना पाहिले आहे, त्याला डॉक्सोरुबिसिन हे नाव ठाऊक नसले तरी ‘लाल किमो’ म्हणताच ती टांगलेली पिशवी, त्या दिवशी लालसर होणारी लघवी आणि दोन-तीन आठवड्यांनी उशीवर सापडणारे केसांचे पुंजके एकदम डोळ्यांपुढे उभे राहतात. औषध गुणकारी आहे यात संशय नाही. परंतु त्याला आपपर समजत नाही. गाठीबरोबर ते हृदयाच्या स्नायूंनाही इजा करते, आणि म्हणूनच एका माणसाला साऱ्या आयुष्यात ते किती द्यावे याची कमाल मर्यादा वैद्यकशास्त्राला घालून द्यावी लागली.

असे औषध वाटेत बंद ठेवावे आणि मुक्कामी पोचल्यावरच उघडावे, ही कल्पना ज्याला प्रथम सुचली असेल त्याच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या, स्निग्ध द्रव्याच्या कुप्यांत, म्हणजे लिपोसोममध्ये, हेच औषध भरण्याला अमेरिकेत 1995 साली मंजुरी मिळाली, आणि 2012 साली तिकडे त्याचा तुटवडा पडला तेव्हा मुंबईच्या सन फार्माचे लिपोसोमी औषध तात्पुरते आयात करण्याची मुभा तेथील सरकारला द्यावी लागली. पुढची पायरी अधिक धाडसाची होती. थिजलेले तूप किंचित उष्णता लागताच जसे विरघळते, तशी जिची भिंत चाळीस अंशांच्या आसपास सैल होऊन आतले औषध क्षणार्धात बाहेर सोडते, अशी कुपी तयार झाली. शरीराचे तापमान सदतीस अंश असल्याने ती रक्तात बंद राहावी आणि डॉक्टर जेथे ऊब देतील तेथेच उघडावी, अशी ही तजवीज होती.

यकृताच्या कर्करोगाच्या 701 रुग्णांवर तिची परीक्षा झाली. गाठीत सुई खुपसून विद्युत्‌लहरींनी ती जाळावयाची आणि त्याच वेळी या कुप्या शिरेवाटे सोडावयाच्या, असा बेत होता. जानेवारी 2013 मध्ये निकाल आला: नुसत्या जाळण्याच्या उपचाराहून रोग अधिक काळ थोपला नाही. ज्यांच्या गाठीला पंचेचाळीस मिनिटे किंवा अधिक काळ उष्णता मिळाली होती, त्यांना लाभ झालासा दिसला, म्हणून तेवढा एक धागा धरून 556 रुग्णांवर दुसरी चाचणी उभारण्यात आली. तीही 2020 साली निष्फळ ठरून आटोपती घ्यावी लागली.

या दोन्ही चाचण्यांचा निवाडा व्हावयाचा होता तो रोग किती काळ थांबला अथवा रुग्ण किती काळ जगला यावरून. गाठीत औषध किती उतरले यावरून नव्हे. माझा सारा आक्षेप येथे आहे. 2018 साली ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी त्याच कुप्या यकृतात गाठी असलेल्या दहा रुग्णांना दिल्या, बाहेरून केंद्रित केलेल्या ध्वनिलहरींनी गाठीला ऊब दिली, आणि ऊब देण्यापूर्वी व दिल्यानंतर गाठीचा बारीक तुकडा काढून त्यातील औषध मोजले. ते सरासरी 3.7 पटींनी वाढलेले निघाले. रुग्ण केवळ दहा. तरीही कुपी माणसाच्या गाठीत खरोखर उघडते किंवा नाही, या मूळ प्रश्नाचे उत्तर मला या दहा जणांत सापडते, त्या साडेबाराशेंत सापडत नाही. आणि हा प्रश्न क्षुल्लक नाही. कारण दहा वर्षांतील प्रसिद्ध संशोधनाची छाननी करून टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी 2016 साली जो हिशेब मांडला, त्यात टोचलेल्या अतिसूक्ष्म कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचा मध्यक अवघा 0.7 टक्के निघाला, आणि तोही बहुतांशी उंदरांतला. बाकीचे बरेचसे कण यकृत व प्लीहा गिळून टाकतात.

याउलट, जेथे कणाचे काम प्रथम दाखवणे हे आहे, तेथे प्रगती स्पष्ट दिसते. कर्कपेशी साखर जाळताना आम्ल सोडतात आणि गाठीचा परिसर आंबट करून टाकतात. नेदरलंड्समधील ग्रोनिंगेन येथे तीस रुग्णांना असे कण दिले गेले, की जे रक्तात निस्तेज राहतात आणि त्या आम्लात फुटून चकाकू लागतात. गाठ काढल्यावर कापलेल्या कडेला रोग उरला होता असे नऊ रुग्ण होते, त्या नवांच्याही कडा प्रकाशल्या. शिवाय एरवी नजरेतून निसटल्या असत्या अशा चार गाठी सापडल्या. टेबलावर रुग्ण असतानाच शल्यविशारदाला ‘येथे अजून आहे’ असे सांगणारा हा कण, मारणाऱ्या कणाचा वडील भाऊ मानला जावा असे मला वाटते.

आपल्या देशात 2022 साली चौदा लाखांहून अधिक लोकांना नव्याने कर्करोग झाल्याचा अंदाज आहे. पवईची आयआयटी आणि परळचे टाटा रुग्णालय एकत्र आले म्हणजे काय घडू शकते, हे 2023 साली मंजूर झालेल्या, कर्करोगावरील कार-टी या स्वदेशी पेशी-उपचाराने दाखवून दिले आहे. तेव्हा गुणवत्तेची उणीव नाही. सरकारी अनुदानाच्या अर्जांत मात्र नवा कण घडवण्याला जेवढे महत्त्व मिळते, तेवढे तो माणसाच्या गाठीत कितपत पोचला हे मोजण्याला मिळावे, त्यासाठी निराळी तरतूद असावी, आणि मोजमापाची सोय नसलेल्या मारक कणाला रुग्णांवरील मोठ्या चाचणीची परवानगीच देऊ नये. उंदराची गाठ विरघळली की ‘कर्करोगावर औषध सापडले’ असा मथळा देणाऱ्या आम्हा वृत्तपत्रांनीही हाच प्रश्न आधी विचारावयास हवा. आणि परळच्या पदपथावर चटई अंथरून, रिपोर्टांची पिशवी उशाशी घेऊन नंबराची वाट पाहणाऱ्या ज्या माणसासमोर उद्या अशा चाचणीचे संमतिपत्र ठेवले जाईल, त्याने अंगठा उमटवण्यापूर्वी, यापूर्वीच्या रुग्णांच्या गाठीत हे औषध किती उतरले तो आकडा त्याच कागदावर, मराठीत, लिहिलेला असला पाहिजे.