देवमाणूस कोणाला म्हणायचं?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मराठीचा तास म्हणजे आरामाचा तास असायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. मात्र विषय असा आहे की तो इंग्रजीत लिहिताच आला नसता.

विषय निघाला आमच्या मेसमध्ये. जून २०२५ मध्ये ‘देवमाणूस’ मालिकेचा तिसरा भाग ‘मधला अध्याय’ सुरू झाला आणि लेडीज होस्टेलमध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्या. जिंतूरची माझी रूममेट म्हणाली, “खुन्याला हिरो करून ठेवलंय. लोक त्याच्या नावानं रील्स काढायलेत. बंद करायला पाहिजे असली मालिका.” मेसच्या मावशी पोळी वाढता वाढता थांबल्या. “कामून बंद करायची? पोरीबाळींना कळतं तरी, कुनावर भरोसा ठिवायचा न् कुनावर नाही.” डाळ गार झाली, पण वाद काही मिटला नाही.

ज्यांनी मालिका पाहिली नसेल (आमचे मेकॅनिकलचे सर टीव्हीच बघत नाहीत, असं ऐकलंय), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑगस्ट २०२० मध्ये झी मराठीवर रात्री साडेदहाला ही मालिका सुरू झाली. सातारा जिल्ह्यातल्या वाई-धोम भागात २०१६ मध्ये एक प्रकरण उघडकीला आलं होतं. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एकावर सहा खुनांचा आरोप झाला. मालिका त्यावरून सुचलेली. किरण गायकवाड यांनी रंगवलेला डॉ. अजितकुमार देव हा खरं तर देवीसिंग नावाचा बोगस डॉक्टर. गाव त्याला देवमाणूस म्हणतं आणि तो एकेक माणूस गायब करतो. मधून मधून सरू आजीच्या म्हणी, टोण्याचा वात्रटपणा.

आपल्याला गुन्ह्याच्या मालिका नवीन नाहीत. आईबाबांच्या पिढीनं दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ पाहिली. आपण लहानपणापासून ‘सीआयडी’ पाहत आलो, ती तर १९९८ पासूनची. दोन्हींत शिवाजी साटम होते आणि दोन्हींत आपण पोलिसांच्या बाजूनं होतो. ‘देवमाणूस’मध्ये पहिल्यांदा आपल्याला खुन्याच्या शेजारी बसवलं. जगात हे आधीच झालं होतं. अमेरिकेत ‘डेक्स्टर’ २००६ मध्ये आली. रशियात २०१५ मध्ये ‘मेथड’ आली, त्यात तर तपास अधिकारी स्वतःच खुन्यांना संपवतो. तिथेही अशा नायकाचं करायचं काय, यावर प्रेक्षक भांडलेच. तेव्हा हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. पण आपल्याकडे त्याला एक वेगळं टोक आहे, आणि ते मला टीव्हीत नाही, घरात टोचलं.

आमचं गाव पूर्णा तालुक्यात. २०२०-२१ मध्ये शाळा बंद होती म्हणून मी गावीच होते. रात्री साडेदहाला आजी कांबळ पांघरून टीव्हीसमोर बसायची आणि त्या डॉक्टरला शिव्या घालायची. “मेल्याला फाशी द्या!” सकाळी उठून हीच आजी गावातल्या ‘डॉक्टर’ला बोलावून बीपी मोजून घ्यायची. गेली वीस वर्षं गावात तोच एक होता. ताप असो की कंबरदुखी, एक सुई ठरलेली. पैसे नसले तरी चालायचं, सुगी झाल्यावर द्या म्हणायचा.

एप्रिल २०२१ मध्ये आजोबांना ताप आला. कोरोनाची दुसरी लाट जोरात होती. शहरात खाटा मिळत नव्हत्या, नातेवाईक फोनवरच बोलत होते. तो मात्र रात्री दीड वाजता मोटारसायकलवर आला. सलाईन लावलं. म्हणाला, “थकवा आहे, काळजी करू नका.” असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी बाबांनी आजोबांना गाडीत घालून परभणीला नेलं, तेव्हा ऑक्सिजन सत्तरच्या खाली होता. आजोबा परत आले नाहीत.

नंतर बाबांनी त्याच्या पाटीकडे नीट पाहिलं. पदवी लिहिली होती, नोंदणी क्रमांक नव्हता. विचारलं तर तो खाली बघत म्हणाला, “मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली बारा वर्षं होतो.” महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्यानुसार नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं गुन्हा आहे. बाबा तक्रार करणार होते. आजीनं अडवलं. “समदं गाव दार लावून बसलं व्हतं, तवा त्यो एकटा आला. त्याला कामून धरता?”

आमचं घर तेव्हापासून दोन बाजूंत वाटलेलं आहे. अगदी होस्टेलच्या मेससारखं.

म्हणून मला वाटतं, रूममेट आणि मावशी दोघीही अर्ध्या बरोबर आहेत. मालिकेचा खरा प्रश्न ‘खुनी कसा असतो’ हा नव्हताच. ‘गाव एखाद्याला न विचारता, न तपासता देव का करतं’ हा होता. सुरुवातीच्या महिन्यांत मालिका तो प्रश्न विचारत होती. नंतर सगळी गंमत ‘आता हा सुटतो कसा’ यावर आली. तो स्वतःची केस स्वतः लढला आणि सुटलासुद्धा. डिसेंबर २०२१ मध्ये दुसरा भाग आला. तिसऱ्या भागात तर तो शिंपी म्हणून समोर आला. दवाखाना गेला आणि त्याबरोबर गावाचा प्रश्नही गेला. माझी तक्रार एवढीच आहे. मालिका भयंकर होती म्हणून नाही, तर ती पुरेशी खरी राहिली नाही म्हणून. खरे बोगस डॉक्टर खून करत नाहीत हो. ते मायेनं सलाईन लावतात. त्यांना ओळखणं देवीसिंगला ओळखण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

मालिका बंद करून हे थांबणार नाही आणि नुसती बघूनही थांबणार नाही. आजी रोज बघत होती, तिला कुठे काय उपयोग झाला? परभणीला २०२३ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, त्याचा आनंद आहे. पण रात्री दीड वाजता आमच्या गावात कोण येणार, हे अजून ठरलेलं नाही.

आता मी कुठल्याही दवाखान्यात गेले की आधी पाटीवरचा नोंदणी क्रमांक वाचते. मैत्रिणी हसतात. दिवाळीत आजीलाही शिकवायला गेले. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “नंबर असलेला बोलीव की मग रातच्याला. म्या कुठं नको म्हनते?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर मेसमध्ये भेटा. डाळ गार झाली तरी चालेल.