रूळ उखडलेल्या बेटावर

या अंकात आम्ही मॉरिशसच्या वाहतुकीकडे वळलो आहोत. पिढ्यान्‌पिढ्या तिथे वसलेल्या मराठी माणसांमुळे हा देश आपल्याला परका नाही. शिवाय विदर्भातली ‘शकुंतला’ ही रेल्वेगाडी थांबल्यावर पडलेला ‘आता तिच्या जागी काय’ हा प्रश्न त्या बेटाने आधीच अनुभवला आहे. १८६४ साली तिथे रेल्वे सुरू झाली. १९५६ मध्ये प्रवासी गाड्या बंद पडल्या, पुढे रूळही उखडले गेले. बस आणि मोटारी पुरतील, हा त्यामागचा हिशेब राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरच्या कोंडीने खोटा ठरवला. २०२० पासून मेट्रो एक्सप्रेस ही नवी रेल्वे प्रवासी नेऊ लागली आणि २०२२ मध्ये क्युरपिप शहरापर्यंत पोहोचली. साडेबारा लाखांच्या देशाला हा खर्च झेपेल का, हा आक्षेप रास्तच आहे. भारताचे अनुदान मिळाले, तरी देखभालीचा भार कायमचा. पण दर चौरस किलोमीटरला सहाशेहून अधिक माणसे राहतात, तिथे रस्ते किती रुंदावणार? आमच्या मते बंद केलेला मार्ग पुन्हा उभारणे हेच सर्वांत महाग पडते, म्हणून निदान त्याची जमीन तरी राखून ठेवावी. अंकातले लेख याच बाजूने विषय पाहतात. तुमच्या गावची गाडी बंद झाली असेल, तर तिच्या जागी काय आले ते आम्हांला जरूर लिहून कळवा. विरोधी मतही मोकळेपणाने मांडा.